बाद होण्याचे कारण

३ मार्च, सोमवार

ही वही रोजनिशीसाठी नव्हती. निवृत्त होताना स्टोअरमधून एक कोरं रजिस्टर आठवण म्हणून मागून घेतलं होतं. बत्तीस वर्षं हॉस्पिटलचं लिनन स्टोअर सांभाळलं. चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. तिथे मोठमोठे डॉक्टरसुद्धा माझ्या सहीशिवाय टॉवेल नेऊ शकत नसत. घरी बसल्यापासून सात महिन्यांत माझी सही फक्त गॅसवाल्याने घेतली. म्हणून आज हे काढलं. रकाने छापलेलेच आहेत: अनुक्रमांक, वस्तू, नग, स्थिती, बाद होण्याचे कारण. त्यांच्यावरूनच आडवं लिहिते आहे.

सकाळी चिरंजीवांचा फोन आला. त्याचं लग्न ठरल्यात जमा आहे आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार आहेत. "मागची खोली रिकामी कर, आई. तिचं जे काही पडलंय ते भंगारात दे. मला त्यात पडायचं नाहीये."

ती म्हणजे पाहुणी. दीडएक वर्षापूर्वी चिरंजीवच तिला घेऊन आले, "जागा मिळेपर्यंत राहील" म्हणून. अकरा महिने राहिली. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. दोघं लग्न करणार हे मी धरूनच चालले होते, पण मला कोणी तसं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी ती खांद्याला पिशवी लावून कामावर गेली, ती परत आली नाही. पुढच्या महिन्यात याने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. तिचं सामान होतं तिथेच आहे. मी फक्त झाडू मारायला त्या खोलीत जाते.

भंगारवाल्याला हाक मारायला गॅलरीत गेले, तर शेजारचे घड्याळजी तिथे उभे. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि त्यांचं स्वतःचं घड्याळ कायम दहा मिनिटं मागे असतं. ते म्हणाले, "ताई, दुसऱ्याची वस्तू आहे. उद्या ती आली आणि म्हणाली माझं अमुक होतं, तर काय दाखवाल? आधी वकिलाला विचारा." आता हे एक नवीन. पण पटलं. बत्तीस वर्षं मी तरी दुसरं काय सांगत आले लोकांना.

५ मार्च, बुधवार

वकीलबाईंचं ऑफिस दोन जिने चढून आहे. गुडघ्यांनी वरपर्यंत शिव्या दिल्या.

त्यांनी आधी विचारलं, "भाडेकरू होती की पाहुणी?"

"पाहुणी."

"लेखी काही?"

"पाहुण्यांकडून कोणी लिहून घेतं का?"

त्या हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. एखादी व्यक्ती सामान ठेवून गेली म्हणजे तिने ते सोडून दिलं असं होत नाही. ती येईपर्यंत मी त्या सामानाची राखणदार. फेकायचं नाही, वापरायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. दोन साक्षीदारांसमोर एकेक वस्तूची यादी करायची, सह्या घ्यायच्या, सामान बांधून सील करायचं, खोलीला कुलूप. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायची की तीस दिवसांत येऊन घेऊन जा. नाही आली तर पुढचं त्या बघतील. आणि ती आली, तर यादीप्रमाणे सगळं मोजून द्यायचं आणि यादीची एक प्रत तिला.

मला हसूच आलं. मी म्हटलं, "हेच करत म्हातारी झाले मी."

निघताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "का गेली ती?"

"दोघांचं पटेना."

"मारहाण वगैरे?"

"छे. आमच्या घरात तसलं काही नाही."

मी मनगट चोळत होते तिकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे काय झालंय?"

"जुनं आहे. जिन्यावर पाय घसरला होता."

"अच्छा," म्हणाल्या आणि नोटिशीचा नमुना माझ्यापुढे सरकवला. बऱ्या वाटल्या बाई, पण जरा चौकस आहेत.

६ मार्च, गुरुवार

नमुन्यात लिहिलंय, "शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवावी." तिचा शेवटचा ज्ञात पत्ता म्हणजे हेच घर. म्हणजे नोटीस मी पाठवायची, पोस्टमनने ती माझ्याच दारात आणायची आणि मी म्हणायचं, ती इथे राहत नाही. वकीलबाईंना फोन केला, त्या पोट धरून हसल्या. शेवटी तिच्या लॅबच्या पत्त्यावर पाठवायचं ठरलं. तिथे अजून आहे की नाही कोण जाणे.

९ मार्च, रविवार

घड्याळजींचं दुकान रविवारी बंद असतं. ते आणि वहिनी दोघं साक्षीदार. वहिनी आपल्या खुर्चीसकट आल्या, कारण आमच्या खुर्च्यांत त्यांची कंबर धरते.

कपडे सोळा नग. त्यात सात लांब बाह्यांचे, उन्हाळ्यातही ती तेच घालायची. तिची आवड. चपला एक जोड, डाव्या पायाचा अंगठा तुटलेला. स्पिरिटचा दिवा, मेण कापायच्या सुऱ्या चार, गुलाबी मेणाच्या पट्ट्या एक डबा, जबड्यासारखं उघड-मिट होणारं एक पितळी यंत्र. वहिनींनी ते दोनदा उघड-मिट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची आठवण झाली." एवढा एकच विनोद झाला दिवसभरात.

दाराला आतून लावलेली पितळी कडीही घड्याळजी यादीत घ्या म्हणाले, कारण ती तिने स्वतः सुतार बोलावून बसवली होती. तेव्हा मला राग आला होता. आपल्या घरात आपल्याच माणसांपासून कडी कशाला? मी बोलूनही दाखवलं होतं. ती म्हणाली, "सवय आहे काकू, कडी असली की झोप लागते." यादीत घेतली. नग एक, स्थिती चांगली, एक स्क्रू उपटलेला.

मग साच्यांची पेटी. लॅबमधलं उरलेलं काम ती घरी आणायची, त्याचे प्लास्टरचे साचे. पंचवीस नग, प्रत्येकावर पेशंटचा नंबर. टेबलावर मांडले तर सगळी खोली दात दाखवत बसली. पेटीच्या तळाशी दोन साचे वेगळे होते, टॉवेलात गुंडाळलेले. टॉवेल आमच्याच स्टोअरचा, त्याचा हिशेब मी नंतर लावीन. दोन्ही वरच्या जबड्याचे, एकाच माणसाचे, डावीकडचा सुळा जरा पुढे आलेला. नंबर नाही, नुसती तारीख. एकावर २ ऑगस्ट, दुसऱ्यावर १४ सप्टेंबर. दुसऱ्यात पुढचा एक दात अर्धा नाही. यादीत घेतले: सदतीस अ आणि सदतीस ब.

घड्याळजींनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि तो दुसरा साचा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ताई, तारखा नीट लिहा." मी म्हटलं, मी तारखा नीट लिहीत नाही असं आजवर झालंय का? वहिनी उठल्या. खुर्ची तिथेच ठेवून घरी गेल्या. कंबर धरली असणार.

चव्वेचाळीस नंबरची वस्तू कसली ते कोणालाच कळलं नाही. कवळीच्या गुलाबी मालाची वीतभर वाकडी पट्टी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, दोन्हीकडे नाडी ओवायला भोकं. मी लिहिलं: उपयोग कळत नाही.

एकूण बावन्न नोंदी. बोटं आखडली, पण खूप दिवसांनी दिवस कारणी लागला.

१० मार्च, सोमवार

वहिनी सही करायला आल्या. खोके सील केले, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. नोटीस पोस्टात टाकली. दमले.

१५ मार्च, शनिवार

ढग आले की मनगट ठणकतं. डॉक्टर म्हणतात आधार देणारी पट्टी लावा, पण बाजारातली एकही नीट बसत नाही, कारण हाड तेव्हा वाकडंच जुळलं.

आज उगाच तिची आठवण येत राहिली. सप्टेंबरात असंच दुखत होतं, तर तिने मेणाची पट्टी दिव्यावर ऊन करून माझ्या मनगटाभोवती गुंडाळली होती. बरं वाटलं. मेण गार झाल्यावर अलगद काढून आत घेऊन गेली. मी म्हटलं, आता माझ्या मनगटाला कवळी बसवतेस का? हसली. हसताना तो एक सुळा ओठावर यायचा, म्हणून तोंडावर हात धरायची. नंतर नंतर हात न धरताही तोंड मिटूनच हसायची.

तिने तेव्हा विचारलं होतं, "कसं मोडलं, काकू?" मी नेहमीचं सांगितलं. ती म्हणाली, "माझाही पाय घसरला परवा, बाथरूममध्ये." तिचा ओठ सुजला होता. मी म्हटलं, फरशीवर पाणी ठेवू नये. त्यांची भांडणं मला ऐकू यायची, नाही असं नाही. जोडप्यांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणून मी मिक्सर लावायची. त्या महिन्यात आमच्याकडे चटण्या फार झाल्या.

१९ मार्च, बुधवार

नोटिशीची पोच आली आणि पाठोपाठ तिचं पत्र. म्हणजे लॅब तीच आहे. छोटंसं पत्र आहे.

"काकू, नमस्कार. २९ तारखेला शनिवारी सकाळी ताईला घेऊन येते. फक्त साच्यांची पेटी कोणाला हलवू देऊ नका. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल. त्यातले टॉवेलातले दोन माझे आहेत. मला ते एका ठिकाणी दाखवायचे आहेत. तुमचं मनगट कसं आहे?"

पत्र डब्यात ठेवलं. मग परत काढलं. मी काही दातांची डॉक्टर नाही. दात तुटायला हजार कारणं असतात. फरशी ओली असते.

स्टोअरमध्ये आमच्याकडे वॉर्डातून फाटक्या चादरी यायच्या आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं, "आपोआप फाटली." मी ती चिठ्ठी तशीच परत पाठवायची. मला पहिल्या वर्षी मेट्रननी शिकवलं होतं, चादर आपोआप फाटत नसते. कोणीतरी ओढलेली असते, नाहीतर कशात तरी अडकलेली असते, ते लिहा. आणि लिहिण्यात चूक झाली तर खोडरबर नाही, वरून गिरवणं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर काय ते, सही आणि तारीख. माझ्या रजिस्टरात बत्तीस वर्षांत एकही जागा गिरवलेली सापडणार नाही.

चौदा सप्टेंबर. आज जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. त्या दिवशी मी दुधाचा खाडा मांडलाय आणि बाजूला लिहिलंय, शेंगदाण्याची चटणी.

२३ मार्च, रविवार

चिरंजीव सकाळीच आला. येताना द्राक्षं आणली, बेसिनचा गळका नळ दुरुस्त केला. असं केलं की मला सगळं विसरायला होतं.

चहा झाल्यावर त्याने यादी मागितली. बोट फिरवत वाचत गेला आणि सदतीसवर थांबला.

"हे काय?"

"साचे आहेत. तिचेच."

"तिचे कशावरून?"

मी कपबशा उचलल्या.

"आई, हे पान नवीन लिही. हे दोन नकोत त्यात."

"साक्षीदारांच्या सह्या झाल्यात."

"परत घे. त्या घड्याळवाल्याला काय, सांगशील तिथे सही करेल."

"अरे, तिने पत्रात तेच मागितलंय."

पत्राचं बोलायला नको होतं. त्याने ते मागून घेतलं, वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि मागच्या खोलीकडे निघाला. मी कमरेची किल्ली मुठीत धरून दारापुढे जाऊन उभी राहिले. का ते मला सांगता येणार नाही, पाय आपले गेले.

"किल्ली दे."

"नाही."

त्याने माझं मनगट धरलं. डावंच. फार जोरात नाही. पिरगाळलं तशी मीच किल्ली सोडून दिली. ह्यांची पकड अशीच होती, अंगठा आतून. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण मनगटाने ओळखली.

त्याने सील तोडलं, टॉवेल सोडला, तुटक्या दाताचा साचा हातात घेतला आणि एकदा बघितलं. मग फरशीवर सोडला आणि वरून टाच दिली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. "हातातून पडला, आई," म्हणाला. "आपोआप."

नंतर जेवून गेला. मी वाढलं. त्याने आमटी परत मागितली आणि मी तीही वाढली.

तुकडे एका अभ्र्यात गोळा केले. यादीत सदतीस ब च्या पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं: "हाताळताना हातातून पडून फुटला." खाली सही केली. अक्षर माझंच आहे.

२४ मार्च, सोमवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२५ मार्च, मंगळवार

यादीतल्या बदलावर साक्षीदाराची सही लागते, म्हणून घड्याळजींकडे रजिस्टर घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"यावर मी सही करणार नाही, ताई."

"का?"

"पडल्याचा आवाज एक असतो. आम्ही दोन ऐकले. भिंत एकच आहे आपली."

वहिनी आतून म्हणाल्या, "आधीही ऐकू यायचं."

मला एकदम राग आला. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

वहिनी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, "चुकलंच आमचं. पण तुम्ही तर घरातच होतात."

चहा आला, तो गार झाला. घड्याळजींच्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत होती. मी तिथे किती वेळ बसले ते त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

तो माझा मुलगा आहे. लहानपणी ताप आला की माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. ह्यांचा हात माझ्यावर उठायचा तेव्हा तो टेबलाखाली बसायचा आणि मी नंतर त्याला बाहेर काढून सांगायची, आईचा पाय घसरला. इतक्या वेळा सांगितलं की त्याला ते पाठ झालं असेल. बायकोचे पाय घसरतातच, असं त्याने धरलं असेल. हे माझं शिकवणं आहे. ही यादी तिच्या हाती गेली तर त्याच्यावर काय येईल ते मला कळतंय. लग्न मोडेल, नोकरीवर येईल, कदाचित त्याहून वाईट. आणि गेली नाही तर काय होईल तेही कळतंय. ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचं होईल, आमच्याच मागच्या खोलीत.

पेन मागितलं. कालपरवाच्या त्या ओळीवर एकच आडवी रेघ मारली. खालचं सगळं वाचता येतं. बाजूला लिहिलं: "दि. २३ मार्च रोजी माझ्या मुलाने माझ्या हातातून किल्ली हिसकावून, सील तोडून, हा साचा जमिनीवर टाकून टाचेने फोडला. मी समोर होते. वर खोडलेलं खोटं मीच लिहिलं होतं." सही, तारीख. जागा पुरेना म्हणून समासात गेले. घड्याळजींनी सही केली, वहिनींनीही केली.

घरी येऊन दोन तास झोपले. दुपारची मी कधी झोपत नाही.

२९ मार्च, शनिवार

ती आली. बारीक झाली आहे. बरोबर तिची मोठी बहीण, खाली छोटा टेम्पो. बहीण दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. मी तिला दोष देत नाही.

ती मात्र आत आली, वाकून नमस्कार करू लागली. मी म्हटलं, "नको, आधी यादी."

एकेक नंबर वाचायचा, वस्तू दाखवायची, तिने टिक करायची. घड्याळजी समोर बसले होते. कपडे, चपला, दिवा, सुऱ्या. कडी काढून दिली. ती म्हणाली, कडी राहू दे काकू, दाराला लागेल. सदतीस अ तिच्या हातात दिला. मग अभ्रा उघडून तुकडे टेबलावर ओतले आणि रजिस्टर तिच्यापुढे केलं.

तिने आधी खोडलेली ओळ वाचली. मग बाजूची. मग समासातली. परत पहिल्यापासून वाचलं. दारातून बहिणीने विचारलं, "काय झालं गं?" तिने तुकडे बोटांनी सारून बघितले, पुढच्या दातांचा तुकडा उचलला, तो अख्खाच होता. म्हणाली, "हे जुळवता येईल, काकू. माझं कामच ते आहे."

मग म्हणाली, "ही यादी मी पोलिसांकडे नेली तर ते तुम्हाला बोलावतील. विचारतील."

"विचारू दे."

"तुमचा मुलगा आहे."

"मला माहीत आहे कोणाचा मुलगा आहे," मी म्हटलं. जरा तोडूनच बोलले. ती रडायला लागली. मी पाणी आणून दिलं. माफी मागायची होती, मनात दोन दिवस जुळवत होते. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "मी मिक्सर लावत होते." ती म्हणाली, "माहीत आहे. आवाज यायचा."

चव्वेचाळीस नंबर आला तेव्हा मी वाचलं, "उपयोग कळत नाही." तिने ती गुलाबी पट्टी बाजूला ठेवली आणि टिक केली नाही.

"हे माझं नाही. यादीतून काढा."

"मग कोणाचं?"

तिने माझा डावा हात ओढून घेतला आणि पट्टी मनगटाखाली धरली. जिथे हाड वर आलंय तिथे बरोबर तेवढाच खोलगा. पर्समधून एक नाडी काढून भोकांतून ओवली, बांधली. म्हणाली, "मेणावरून मापं घेतली होती. द्यायची राहूनच गेली." तिच्या बोटांना अजून तोच वास होता, स्पिरिट आणि मेण.

गाठ मारता मारता तिने खाली बघूनच विचारलं, "कसं मोडलं होतं, काकू?"

एकतीस वर्षांत डॉक्टरांनी विचारलं, आईने विचारलं, मेट्रननी विचारलं, वकीलबाईंनी विचारलं. आज सांगितलं. घड्याळजींच्या समोर, बहीण दारात उभी असताना. फार वेळ लागला नाही, दोन वाक्यांत झालं. बहीण चपला काढून आत आली.

चव्वेचाळीसवर एक आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, "वस्तू माझी निघाली." सही करताना डावा हात रजिस्टर दाबून धरू शकला, दुखलं नाही. मूळ यादीची पानं रजिस्टरातून काढून तिला दिली, प्रत माझ्याकडे ठेवली. पन्नास नोंदी पोचल्या, कडी तिच्या सांगण्यावरून इथेच राहिली.

टेम्पो गेल्यावर खोली झाडली. आता तिथे फक्त कडी आहे, मी ती परत बसवली.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "झाली खोली रिकामी? पुढच्या रविवारी येतायत ती माणसं. मुलीच्या आईला एकदा फोन करून जेवणाचं विचारून घे." नंबर दिला. मी लिहून घेतला. यादीचं काय झालं ते त्याने विचारलं नाही आणि मीही आज सांगितलं नाही. सांगणार आहे, पण आधी मुलीच्या आईशी बोलायचं आहे. सकाळी दहानंतर त्या मोकळ्या असतात, असं तोच म्हणाला.